मालकाचा बुरूज

उस्मानपुऱ्यातल्या ज्या प्रेसमध्ये मी एकोणीस वर्षं मुद्रितं तपासते आहे, तिथं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि सरकारी फलक हे सगळं मी एकाच पद्धतीनं वाचते, म्हणजे अर्थाकडे न बघता. अर्थाकडे बघितलं की चूक सुटते. त्या मंगळवारी समोर आलेला कागद कवडगडाच्या माहितीफलकाचा होता. आमच्या गावाचं नाव बघून मला थोडं बरं वाटलं, एक वेलांटी दुरुस्त केली, आणि पुढच्या ओळीवर हात थांबला. 'गडाच्या पूर्व टोकावरील बुरूज मलिक बुरूज या नावाने ओळखला जातो. निजामशाहीच्या काळात एखाद्या मलिक सरदाराने तो बांधला असावा, असे स्थानिक परंपरेवरून दिसते. बुरुजाच्या वरच्या भागातील ओबडधोबड रचाई अलीकडची असून तिला ऐतिहासिक मूल्य नाही. जतनकामात ती काढून टाकण्यात येईल.' मी पुन्हा वाचलं. व्याकरण बिनचूक होतं, ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. मी मात्र लेखणी खाली ठेवली, कारण ही स्थानिक परंपरा म्हणजे माझी माय होती, आणि ती ओबडधोबड रचाई म्हणजे आम्ही होतो.

कवडगड बघायला कुणी येत नाही. परगावची माणसं वेरूळला जातात, तिथं बघण्यासारखं आहे. आमच्याकडे करमाडच्या पुढं जालना रस्ता सोडून आत वळलं की एक टेकडी, टेकडीवर दरवाजाची एक बाजू, पाण्याचं एक टाकं, ढासळलेला तट आणि पूर्वेला हा बुरूज, बस. खाली पायथ्याशी आमची सात-आठ घरं, मेंढरांची. बुरुजाच्या पोटात एक कोनाडा आहे आणि कोनाड्यात शेंदूर लावलेला मुंजाबा. म्हणून तो मुंजाबाचा बुरूज. आमच्या घरात मूल जन्मलं किंवा सून आली की उतारावर घरंगळलेला एक दगड उचलायचा, डोक्यावर घेऊन वर चढायचं आणि बुरुजावर बसवायचा. चुना नाही, माती नाही, दगड दगडात बसला पाहिजे. नाही बसला तर दुसरा आणायचा. असं किती पिढ्या चाललंय कुणाला ठाऊक नाही. तळाचा बुरूज राजाचा असेल, सुलतानाचा असेल, ज्याचा असेल त्याचा असो. माझ्या छातीच्या वरचा सगळा बुरूज आमचा आहे, आणि त्यात डावीकडून तिसरा, जरा तिरका बसलेला दगड मी आहे. ऐतिहासिक मूल्य नाही म्हणे.

आता मलिक कुठून आला? मला फार विचार करावा लागला नाही, आणि हेच मला झोंबलं. गेल्या हिवाळ्यात प्रणय आला होता. इथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवतो, हुशार पोरगा, छोट्या गडांची नोंद करायचं काम त्याच्याकडे होतं. प्रेसमध्ये त्याची पुस्तिका छापताना ओळख झाली आणि मीच मोठ्या ऐटीत म्हटलं, चल, आमचा गड दाखवते. मीच त्याला मायसमोर नेऊन उभं केलं. त्यानं फोन पुढं धरून विचारलं, "आजी, या बुरुजाला काय म्हणतात?" माय पदर सारखा करत म्हणाली, "ह्यो? ह्यो मालकाचा बुरूज." मी तिथंच होते. साडीला चिकटलेली कुसळं काढत होते. माझ्या कानावर ते पडलं आणि आत गेलं, कुठंही न अडखळता. माझ्या बापाचं नाव मुंजाबा. दोन पोरं हाती लागली नाहीत म्हणून आजीनं बुरुजातल्या देवाचं नाव तिसऱ्याला दिलं. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मायनं लग्नाच्या दिवसापासून तो शब्दच तोंडातून काढून टाकला. बाप तिचा मालक. देव झाला कोनाड्यातला बाळदेव. शेजारच्या दगडाबाईच्या थोरल्या पोराचं नाव मुंजा, त्याला माय कायम दगडाबाईचा थोरला म्हणायची. आणि बुरूज मालकाचा. माझं सगळं बालपण मी हे ऐकलंय. दुसऱ्याची चूक शोधण्यावर माझं पोट चालतं, आणि माझ्या घरातली ही चूक इतकी घरातली होती की मला ती दिसलीच नाही.

प्रणयला फोन केला. खरं म्हणजे भांडायला केला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "ताई, रेकॉर्डिंगमध्ये मालकच आहे. मला वाटलं, आजींच्या बोलण्यात मलिकचं मालक झालं असेल. मी दुरुस्त केलं." दुरुस्त केलं! मला हसावं की त्याच्या कानाखाली द्यावी ते कळेना. "अरे, माझी माय अडाणी असेल, पण तुझ्याहून शुद्ध बोलते ती." मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या आजोबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर मास्तरनं मनाला येईल तसं लिहिलं होतं. ते जन्मभर त्याच नावानं जगले. आणि मी तेच केलं." एवढं ऐकल्यावर माझा राग निम्मा उतरला, पण निम्माच. त्यानं धावपळ केली हे खरं. पुरातत्त्व खात्याच्या अमृता मॅडम शुक्रवारी पुन्हा पाहणीला यायला तयार झाल्या. पण त्यांची एक अट होती, आणि ती अट रास्तच होती. गावात जुनं माणूस आता दुसरं कुणी उरलेलं नाही. नोंद मंजुळाबाईंच्या, म्हणजे माझ्या मायच्या तोंडची आहे, तर दुरुस्तीही मंजुळाबाईंच्याच तोंडून आली पाहिजे. बुरुजाचं नाव काय, तिथला रिवाज काय, कोणता दगड कुणाचा, हे त्यांनी स्वतः सांगावं, समोर लिहून घेऊ, अंगठा घेऊ. नाहीतर सोमवारी माणसं येतील आणि वरची रचाई उतरवतील. "मी सांगितलं तर? मी मुलगी आहे," मी म्हटलं. प्रणय म्हणाला, "तुम्ही तेव्हाही तिथंच होतात ताई. आणि गप्प होतात." खरं होतं ते. मी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळच्या बसनं निघाले. खिडकीतून शेंद्र्याच्या कंपन्यांच्या लांबलचक भिंती सरकत होत्या आणि माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. मी पाच-सहा वर्षांची असेन, बुरुजावर उभी राहून मोठ्यानं ओरडले होते, मुंजाबाऽऽ, जेवायला ये. बा खाली मेंढरांत होता, तो हसला, हात हलवला. मायनं मात्र मला फरफटत खाली आणलं आणि अशी एक ठेवून दिली की दोन दिवस गाल हुळहुळत होता. बापाचं नाव घेतलं म्हणून मारलं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, मी किती सहज घेतलं, म्हणून मारलं असेल. पुढं माझ्या लग्नात बायकांनी घेरलं, नाव घे, नाव घे. मी म्हटलं, अजिनाथ. नुसतं, यमक-बिमक काही नाही. हळदीला आलेल्या बायका अवाक झाल्या, सासूनं महिनाभर अबोला धरला. अजिनाथ बिचारा सरळ माणूस, त्याला काही वाटलं नाही, पण मी त्याला आजही चारचौघांत मुद्दाम ठणकावून हाक मारते, अजिनाथ, पिशवी घे, अजिनाथ, रिक्षा थांबव. कुणावर सूड उगवते आहे मी? त्याच्यावर तर नाहीच.

आणि मग ती दवाखान्याची खिडकी. किती टाळलं तरी बसमध्ये बसलं की ती खिडकी येतेच. अकरा वर्षांपूर्वी बाला शहरात दवाखान्यात आणलं तेव्हा मी त्याच्याजवळ स्ट्रेचरला धरून उभी होते आणि मायला केसपेपर काढायला पाठवलं होतं. केसपेपर येईना. वीस मिनिटं झाली असतील. मी धावत गेले तर माय खिडकीला चिकटून उभी, कागद हातात, आणि मागची माणसं तिच्या बाजूनं हात घालून आपापले कागद काढून घेत होती. आतला माणूस वैतागून पुन्हा विचारत होता, पेशंटचं नाव सांगा मावशी. आणि माय म्हणत होती, "पोरगी येऊ द्या. पोरगी सांगंल." मी तिला बाजूला लोटलं. अक्षरशः लोटलं. बा तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांना मी विचारलं होतं, त्या वीस मिनिटांनी काही फरक पडला असता का. ते म्हणाले, नाही. मी ते मायला सांगितलं, पण तिनं ऐकलं का मला ठाऊक नाही. मी स्वतः तरी कुठं ऐकलंय. त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही, आणि गेली अकरा वर्षं मी गावाला जाते, भाजी-भाकरी खाते, तिचे पाय चेपते आणि मनात तिला त्या खिडकीसमोर उभी करून ठेवते.

माय अंगणात लोकर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मलिक म्हणजे कोण ते सांगितलं, सोमवारी माणसं येणार ते सांगितलं. ती लोकरीतले काटे काढत राहिली.

"काढू दे," ती म्हणाली. "फिरून चढवू."

"कोण चढवणार? तुझं वय काय, माझे गुडघे काय? आणि जाऊ देणार कोण? कुंपण घालणारेत ते."

"मंग त्या पोराला सांग, चुकलं म्हून. त्यानं लिव्हलं, त्यानंच खोडावं."

"त्यानं नाही माय, तू सांगितलंस मालकाचा. तूच सांगायचंय आता. एक शब्द आहे. उद्या म्हण आणि मोकळी हो."

"म्या नाय घेत."

"बा जाऊन अकरा वर्षं झाली. आता कुणाचं आयुष्य कमी होणार आहे?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "गेले म्हून काय माझे कुणी नाय ऱ्हायले व्हय? लई शानी झालीस शहरात ऱ्हाऊन." आणि पुन्हा काटे काढायला लागली. मला इतकी चीड आली की मी घरात जाऊन उगीचच भांडी आपटली. एका बाईनं एक शब्द न उच्चारल्यामुळं दोनशे-तीनशे वर्षांची रचाई खाली येणार, आणि वर ती बाई मलाच शहाणपण शिकवणार. पण भांडी आपटता आपटता हेही जाणवलं की माझी चीड काही त्या बुरुजावरून आलेली नव्हती. मला तिच्या तोंडून तो शब्द हवा होता. बुरूज वाचो न वाचो, मला तो हवाच होता, एखाद्या सावकारानं वसुलीला यावं तसा. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी तो हवा होता.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला अमृता मॅडम आल्या, सोबत प्रणय आणि मोजमापाची टेप धरायला एक सहायक. माय काही न बोलता आमच्या पुढं चढायला लागली. सत्तरीची बाई, पण चढण तिला पाठ आहे, थांबलो ते आम्हीच. वर पोचलो आणि बघितलं तर बुरुजाला चुन्याची पांढरी रेघ मारलेली. माझ्या छातीच्या उंचीवर, सरळ, अगदी पट्टी लावून मारल्यासारखी. आदल्या आठवड्यात कुणीतरी मारून गेलं होतं. रेघेच्या वरचं काढायचं. सहायकानं ते मायला नीट समजावून सांगितलं, तो काही वाईट माणूस नव्हता. माय रेघेजवळ गेली. बोटानं चुना उकरून बघितला, पदराला पुसला.

मॅडमनी वही उघडली. "मावशी, सावकाश सांगा. काही घाई नाही."

मायनं एका दगडावर हात ठेवला. "ह्यो माझ्या सासूबाईचा. आवडाबाई. शेजारचा माझा, लग्नातला. लई जड व्हता, सासूबाईनी मुद्दाम दावला व्हता मला." मग ती सरकली. "ही सत्यशीला, ही हितं हुबी हाय ती. आन ह्यो रामप्रसाद." मी दचकले. रामप्रसाद माझ्या आधीचा, नऊ दिवसांचा होऊन गेला. त्याचा दगड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नारळाएवढा दगड, दोन मोठ्या दगडांच्या मध्ये नीट बसवलेला, आणि चुन्याची रेघ त्याच्या बरोबर पोटावरून गेलेली. "ह्याच्या बानं चढवला. मला बाळंतपणात उठू देत नव्हते. नऊ दिवसांत दगड बी वर गेला आन पोरगं बी गेलं." मॅडम लिहीत होत्या. प्रणयनं फोन खाली धरला होता, तो जमिनीकडे बघत होता.

"आणि हा मोठा?" मॅडमनी विचारलं. रामप्रसादला उजवीकडून धरून बसलेला काळा, चौकोनी दगड.

मायनं हात मागं घेतला.

"हा कुणाचा, मावशी? आणि बुरुजाचं नाव? तेवढंच राहिलंय."

वारा सुटला होता, वहीचं पान फडफडत होतं. माझ्या जिभेवर तो शब्द आला, अगदी दाताशी. सहायक हसून म्हणाला, "मावशी, उखाण्यात घ्या की. लग्नात घेतला असंल ना." तो चांगल्या मनानंच म्हणाला. प्रणय कसनुसा हसला. मला वाटलं, सुटली, वाट मिळाली हिला, भाजीत भाजी मेथीची करून टाकेल आणि आम्ही खाली उतरू. मायनं त्या सहायकाकडे असं बघितलं की त्याचं हसू जागीच विरलं.

"उखाना कशापायी? मी काय हळदीला आले व्हय हितं? माझ्या लेकरावर रेघ मारली तुमी."

मी पुढं झाले. "मॅडम, मी सांगते, माझ्या वडलांचं..."

"तू गप." माझ्याकडे न बघताच तिनं हात आडवा केला. "तुझा बाप असंल. नवरा माझा हाय."

मग तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. तो मुद्दाम सारला की वाऱ्यानं गेला मला सांगता येणार नाही, पण तो तिनं पुन्हा घेतला नाही. काळ्या दगडावर तळहात सपाट ठेवला आणि रोजच्या आवाजात, मीठ दे म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "मुंजाबा." मॅडमची लेखणी जागची हलली नाही. माय आता मोठ्यानं म्हणाली, "लिव्हा. नवरा मुंजाबा, सासरा कडुबा, आन बुरूज मुंजाबाचा. मलिक-बिलिक हितं कुणी नाय. ह्यो दगड मुंजाबाचा." सासऱ्याचंही नाव घेतलं तिनं, कुणी विचारलेलं नसताना. मी बुरुजाला पाठ लावून उभी राहिले.

मॅडमनी लिहिलं. मग 'मलिक' आडव्या रेघेनं खोडला, वर नाव घातलं, मायला वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. "वरच्या रचाईला हात लावायचा नाही," त्या सहायकाला म्हणाल्या. "तसा अहवाल मी आजच देते. ही रेघ धुऊन काढा." सहायक टाक्यावर पाणी आणायला गेला. प्रणय मायच्या पाया पडायला वाकला तर ती म्हणाली, "पाया नको पडू बाबा. ऐकत जा नीट." मला तिला मिठी मारायची होती, म्हणायचं होतं, माय, जिंकलीस. गावभर पेढे वाटावेत असं वाटत होतं. आणि जे वसूल करायला मी आले होते ते मिळालं होतं, तरी हातात काहीच नव्हतं. ती मंडळी उतरायला लागली. मी म्हटलं, "चल माय, ऊन चढलं."

माय हलली नाही. तिचा चेहरा मला वाटला होता तसा नव्हता. ती रागावलेली होती. असा राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता, मला चापट मारली तेव्हासुद्धा नव्हता. तिनं त्या काळ्या दगडावर दोनदा थापटलं, दार वाजवावं तसं.

"मुंजाबा," ती म्हणाली, "ऐकतो का रे?"

पन्नास वर्षांत तिनं बाला कधी अरे म्हटलं नव्हतं.

"इतकं सोपं व्हतं, तर तूच का नाय म्हनला रे कधी, माझं नाव घे म्हून?"